शाळा अंगणापर्यंत चालत गेली होती

‘अंगणवाडी’ हा शब्द आता इतका सरकारी झाला आहे की तो कधीकाळी एका अडचणीतून जन्मला, हे कुणाच्या ध्यानात राहिलेले नाही. आज तो कानावर पडला की पोषण आहाराची पाकिटे, वजनकाटा, लसीकरणाची तारीख आणि मानधनवाढीचा मोर्चा एवढेच डोळ्यांपुढे येते. पण १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावात ताराबाई मोडकांनी बालवाडी सुरू केली आणि गावातल्या दलित वस्तीतली, त्या काळच्या भाषेत हरिजनवाड्यातली, मुले तिथे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. या साध्या नावामागे शिक्षणाविषयीचा एक निर्णय आहे. मूल शाळेत येत नसेल, तर उठून जायचे ते शाळेने.

तो निर्णय आज मुद्दाम आठवावासा वाटतो, कारण महाराष्ट्रात गेली काही वर्षे शाळा उलट्या दिशेने चालू लागली आहे. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या १,३०० हून अधिक शाळा बंद करून तिथली मुले जवळच्या शाळांत समायोजित करण्याचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूहशाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. अशा शाळांची संख्या त्या वेळी चौदा हजारांहून अधिक सांगितली गेली आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार होती, म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा. राज्यभर विरोध झाला, एकही शाळा बंद होणार नाही असे खुलासेही झाले, पण ती कल्पना संपलेली नाही. ‘कमी पटाची शाळा’ हे शब्द आता एखाद्या दुखण्याचे नाव घ्यावे तसे उच्चारले जातात.

‘पट कमी आहे’ या वाक्यात दोष कुणाचा ते सांगितलेले नसते, पण ऐकणाऱ्याला तो वस्तीचाच वाटतो. वस्ती लहान आहे, आडबाजूला आहे, तिथले लोक मुलांना पाठवत नाहीत, म्हणून शाळा परवडत नाही, अशी ही मांडणी असते. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी आयुष्यभर जे केले, ते नेमके या मांडणीला दिलेले उत्तर आहे, असे माझे ठाम मत आहे. आपण त्यांच्या जयंतीला फुले वाहतो, पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर धडा घालतो आणि त्यांचे उत्तर मात्र कधी विचारात घेत नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा वाद त्यांच्या वाट्याला आला नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर बाई ही इतकी दुर्मिळ गोष्ट होती की पुढचे आयुष्य एखाद्या चांगल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत सुखाने आणि सन्मानाने घालवता आले असते. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, १९२१ मध्ये ते लग्न मोडले आणि त्या राजकोटला आल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या, म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेच्या, त्या प्रमुख झाल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या एका बाईला १९२० च्या दशकात असे पद मिळणे म्हणजे काय, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. निर्वाह होता, प्रतिष्ठा होती, लोकांच्या तोंडाला आळा बसेल इतका अधिकारही होता.

ते पद त्यांनी १९२३ च्या सुमारास सोडले आणि त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करायला गेल्या. मोठ्या शिक्षिकांना शिकवणारी बाई अडीच-तीन वर्षांच्या पोरांत जाऊन बसली. आपल्याकडे शिक्षणातली पायरी वयाबरोबर चढते असे समजले जाते. कॉलेजातला प्राध्यापक वर, हायस्कूलचा मास्तर त्याच्या खाली, प्राथमिकचे गुरुजी आणखी खाली, आणि बालवाडीची बाई तर मोजणीतही नाही. ताराबाईंनी ही शिडी उलटी उतरायला घेतली आणि पुढे पन्नास वर्षे त्या ती उतरतच राहिल्या. त्यांच्या चरित्रात मला सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. त्यांचे प्रत्येक स्थलांतर आधीच्यापेक्षा लहान मुलाकडे, गरीब मुलाकडे, दूरच्या मुलाकडे झालेले आहे.

गिजुभाई स्वतः वकिली सोडून या कामात आलेले. मारिया माँटेसरींच्या विचाराने ते भारलेले होते, आणि ताराबाईंनीही तो विचार मन लावून आत्मसात केला: मूल स्वतःच्या हाताने शिकते, त्याला धाक आणि आमिष या दोन्हींची गरज नसते, मोठ्यांनी जागा आणि साहित्य नीट मांडून द्यावे आणि मग थोडे मागे सरावे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षणपत्रिका निघाली, बालशिक्षणाच्या अध्यापिका तयार होऊ लागल्या, आणि पुढे मुंबईत दादरला शिशुविहारसारखी संस्था उभी राहिली. पण या सगळ्यात एक कुसळ होते. माँटेसरी पद्धतीचा जन्म १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला होता, आणि भारतात येईपर्यंत तीच पद्धत महागड्या लाकडी साहित्याची, टापटीप खोल्यांची आणि फी भरू शकणाऱ्या घरांची होऊन बसली होती. १९३१ मध्ये लंडनला माँटेसरींच्या संस्थेत बोलताना गांधीजींनीही हेच गाऱ्हाणे मांडले होते, की हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोचले पाहिजे. ऐकणारे पुष्कळ होते. उठून खेड्यात गेलेल्या मोजक्या लोकांत ताराबाई होत्या, आणि तेव्हा त्यांचे वय ५३ होते.

बोर्डीला त्यांच्याबरोबर आल्या त्या अनुताई वाघ. त्यांचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीला माजघराबाहेर फारशी वाट नसे. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे शिकवले, आणि पस्तिसाव्या वर्षी ती स्थिर नोकरी सोडून ताराबाईंच्या मागे गेल्या. पदवी घेतली ती पुढे, पन्नाशीला पोचल्यावर. या दोघींना गुरू-शिष्या म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही. पण ताराबाईंची कल्पना रोज सकाळी पाड्यावर प्रत्यक्ष उभी करणारा हात अनुताईंचा होता, आणि ताराबाई गेल्यानंतरही जवळजवळ वीस वर्षे तो थांबला नाही. म्हणून त्यांना कुणाच्या छायेत उभे करणे मला मान्य नाही.

बोर्डीच्या बालवाडीत काय घडले ते जरा थांबून पाहिले पाहिजे. दार सर्वांना उघडे होते. फी नव्हती, मज्जाव नव्हता. तरीही दलित वस्तीतली मुले आली नाहीत. ‘आम्ही तर दार उघडे ठेवले होते’ असे म्हणून तिथे थांबता आले असते. आज आपली बहुतेक धोरणे तिथेच थांबतात. पण उघडे दार आणि त्या दारातून आत येण्याचे धाडस या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्या आळीत पाऊल टाकायचे नाही असे शिकवले गेले, त्या आळीत तीन वर्षांचे पोर एकटे चालत येईल, ही अपेक्षाच अन्यायाची होती. ताराबाईंनी ती ओळखली आणि साहित्य पिशवीत भरून बालवाडी त्या वस्तीत गेली. तिथे आई समोर होती, घर समोर होते, शेण सारवलेले अंगण ओळखीचे होते. साहित्यही बदलले. रंगीत लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले आले, चिंचोके आले, गुंजा, काटक्या, पाने, मातीचे गोळे आले. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे चिंचोक्यातूनही कळते. माँटेसरींचे तत्त्व लाकडात नव्हते, मुलाच्या बोटांत होते.

आणि मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, डोळ्यांत औषध घालणे हे सगळे त्या शाळेच्या वेळापत्रकात होते. ही गोष्ट सांगताना अनेकांचा आवाज भक्तिभावाने भरून येतो. मला त्यात भक्तीपेक्षा बुद्धी अधिक दिसते. खरजेने खाजवणाऱ्या मुलाचे लक्ष कशातच लागत नाही, आणि ज्या बाईने आपल्या पोराचे डोके धुतले, तिच्यावर आई विश्वास ठेवते. शिकवण्यापूर्वीच्या या गोष्टींना अभ्यासक्रमात जागा देणारी मुख्याध्यापिका ही शिक्षणशास्त्राचा अर्थ पुस्तकापलीकडे जाऊन समजलेली बाई होती. अर्थात या कामावर आक्षेपही घेता येतो. स्वच्छता आणि संस्कार यांच्या शिकवणीत शहरी, मध्यमवर्गीय घराचे वळण हेच वळण, असा सूर कुठेतरी होता. वस्तीला स्वतःचे शहाणपण असते, याची जाण पुढे कामातूनच वाढत गेली. हा दोष झाकण्याची गरज नाही, कारण चूक सुधारण्याइतक्या जवळ त्या गेल्या होत्या. दुरून काम करणाऱ्याला आपली चूक दिसतच नाही.

१९५७ मध्ये त्यांनी मुक्काम हलवला तो डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये. हा तोच पट्टा, जिथे १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि श्यामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. सावकार आणि जमीनदार यांच्या हाताखाली राबणाऱ्या या माणसांना ‘मुलांना शाळेत घाला’ असे सांगणे सोपे होते. पण घरात सहा वर्षांचे पोर हे खाणारे तोंड असते तसे राबणारे हातही असतात. मुलगा गुरे घेऊन रानात जातो. मुलगी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन दिवसभर हिंडते, कारण आई मजुरीला गेलेली असते. ती मुलगी शाळेत आली तर ते बाळ कुठे ठेवायचे?

ताराबाईंनी या प्रश्नाला उपदेशाने उत्तर दिले नाही, रचनेने दिले. बाळाला शाळेत आणू द्यायचे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच आवारात, एकमेकींना लागून. मोठी बहीण वर्गात, मधला भाऊ बालवाडीत, धाकटे पाळण्यात. या रचनेचे नाव विकासवाडी. मुलीच्या शिक्षणाच्या आड येणारी अडचण तिने काखेत आणलेली होती, आणि शाळेने ती उतरवून घेतली. शिक्षणहक्काची इतकी नेमकी समज मला फार थोड्या कागदपत्रांत आढळली आहे.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलगा गुरे सोडून येऊ शकत नाही, तर शिक्षक कुरणात जाईल. डोळ्यांपुढे आणून पाहा: झाडाखाली पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली चार-सहा पोरे, समोर चरणारी गुरे, आणि मध्येच एखादे वासरू दुसऱ्याच्या शेताकडे वळले की वर्गातला एक विद्यार्थी ओरडत धावणार, परत येऊन पुन्हा पाटीवर वाकणार. गणित गुरांच्या मोजणीतून, भूगोल पाण्याच्या वाटेतून, जीवशास्त्र समोरच्या झाडातून. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला या वर्गाची हजेरी कशी लावायची असा प्रश्न पडला असता. ज्यांना दिवसा कुरणातही बसता येत नव्हते, त्यांच्यासाठी रात्रशाळा होत्या. शाळा कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी भरावी, हे मुलाच्या दिवसाकडे पाहून ठरवले गेले.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. नाव गेले, आणि त्याबरोबर पोषण आणि लसीकरण यांचे मोठे काम झाले, ज्याने असंख्य मुले जगली. त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण जी शिकवण्याची जागा होती ती वाटपाची जागा झाली, आणि शिक्षिका होती ती ‘सेविका’ झाली. सेवेला पगार नसतो, मानधन असते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने हे मानधन ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले आणि त्यावर राज्ये आपापला वाटा घालतात. या बाया नोकर आहेत की नाहीत, हेच ठरायला इतकी वर्षे लागली की त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया आहे, आणि अंगणवाडीची तीन वर्षे व पहिली-दुसरी यांचा एक सलग टप्पा मानावा. विकासवाडीने हे कोसबादच्या टेकडीवर साठ वर्षांपूर्वी करून दाखवले होते. पाया म्हणायचे आणि पायाचा गवंडी मात्र मानधनावर ठेवायचा, यातली विसंगती कुणीतरी उघडपणे बोलायला हवी. सेविकेला शिक्षिकेचे प्रशिक्षण, शिक्षिकेचा दर्जा आणि शिक्षिकेचा पगार मिळाला पाहिजे, आणि पोषणाच्या नोंदी ठेवायला दुसरे माणूस दिले पाहिजे.

आता समूहशाळेच्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकून घेऊ, कारण ते पोकळ नाही. आठ मुलांच्या शाळेत चौथीत एकच मुलगी असते. तिला बरोबरीचे कुणी नाही, खेळायला संघ नाही, वाद घालायला मैत्रीण नाही. एक किंवा दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, त्यातला एक मीटिंगला गेला की शाळा म्हणजे कोंडवाडा होतो. ग्रंथालय, प्रयोगाचे साहित्य, संगणक या गोष्टी प्रत्येक पाड्यावर पोचत नाहीत. मोठ्या शाळेत हे सगळे देता येईल, बसने मुले आणता येतील. ज्यांनी एकशिक्षकी शाळेत दिवस काढले आहेत, ते या म्हणण्याला हसणार नाहीत, आणि मीही हसत नाही.

तरीही यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की हलवता येण्याजोगी वस्तू म्हणजे मूल. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले, त्यामागे सहा वर्षांच्या मुलाचे पाय डोळ्यांपुढे होते. घाटातला किंवा डोंगरपट्ट्यातला किलोमीटर नकाशावर सरळ असतो आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पलीकडे असतो. बस येते त्या दिवशी ठीक. ठेकेदाराचे बिल अडकले, चालक आला नाही, रस्ता खचला, की त्या दिवशी शाळा नाही, आणि असे दिवस जुळून आठवडे होतात. पहिल्यांदा घरी राहते ती मुलगी. मुलाला सायकल मिळते, मुलीला ‘राहू दे आता’ असे सांगितले जाते. समूहशाळेच्या हिशेबात इमारत, शिक्षक आणि खर्च यांचे रकाने असतात. या ‘राहू दे’चा रकाना नसतो.

ज्या गोष्टी लहान शाळेत कमी पडतात, त्यांतल्या बहुतेक मुलांपेक्षा सहज हलतात. महाराष्ट्रात केंद्रशाळेची पद्धत आहे. आठ-दहा शाळांमागे एक केंद्र, केंद्रप्रमुख, महिन्याची शिक्षण परिषद. या रचनेतच चित्रकलेचा, खेळाचा, विज्ञानाचा एकेक शिक्षक वार ठरवून शाळाशाळांत फिरू शकतो, पुस्तकांची पेटी फिरू शकते, प्रयोगाचे साहित्य फिरू शकते. सगळ्या शाळांतली मुले महिन्यातून दोनदा एकत्र येऊन खेळू शकतात, तेवढ्यासाठी बस लावावी. शिक्षकाला मोटारसायकल आहे, मुलाला नाही. महाराष्ट्राला हे सुचले नव्हते असेही नाही. जिथे शाळा नव्हत्या तिथे वस्तीशाळा निघाल्या आणि निमशिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर त्या वर्षानुवर्षे चालवल्या. ऊसतोड कामगारांच्या फडावर साखरशाळा भरल्या. ठाणे जिल्ह्यातच वीटभट्टीवरच्या मुलांसाठी ‘विधायक संसद’ या संस्थेने भोंगाशाळा काढल्या. हे सगळे कुरणशाळेचेच वंशज आहेत. त्यांच्यात उणिवा होत्या, पण दिशा बरोबर होती.

आणि अनेक इयत्ता एकत्र बसतात हा दोषच आहे, असे मानण्याचीही गरज नाही. बालवाडीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुले मुद्दाम एकत्र ठेवली जात. मोठे मूल धाकट्याला दाखवते आणि दाखवता दाखवता स्वतः पक्के शिकते. प्राथमिक शाळेतही हे जमते, पण त्यासाठी शिक्षकाला तशी तयारी द्यावी लागते. आपल्याकडे डी.एड. झालेल्या तरुणाला एका वर्गाला एक पाठ शिकवण्याचे शिक्षण मिळते आणि नेमणूक मात्र चार इयत्तांच्या खोलीत होते. मग तो गांगरतो आणि शाळा कमकुवत ठरते. ताराबाईंनी राजकोटला शिक्षिका घडवल्या होत्या, भावनगरला घडवल्या, बोर्डीला आणि कोसबादलाही घडवल्या. जिथे जातील तिथे मुलांच्या शाळेशेजारी शिक्षिकांची शाळा त्या काढत, आणि तिथे शिकवत ते त्याच ठिकाणच्या मुलांना शिकवण्यासाठी. लहान शाळा टिकवायची असेल तर पहिला पैसा इथे खर्च झाला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात मी एका पाड्यावरच्या अंगणवाडीत बसले होते. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होता की बोलणे ऐकू येत नव्हते. सेविकेच्या एका हातात मोबाइल होता आणि ती दारात उभी राहून रेंज शोधत होती, कारण मुलांची हजेरी ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर वेळेत भरायची होती. आत अकरा मुले, आणि त्यांच्यात एक नऊएक वर्षांची मुलगी, मांडीवर वर्षाचा भाऊ घेऊन बसलेली. ती इथे कशी, असे विचारले तेव्हा कळले की पाड्यावरची शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिळवली गेली आहे, मध्ये ओढा आहे, आणि ओढ्याला पाणी आहे. शिवाय आई लावणीला गेली आहे. मुलीने चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग जमिनीवर मांडले होते आणि चार वर्षांच्या दोघी तिच्याकडे बघत आपापले ढीग लावत होत्या. एकीचा नऊचा झाला, तेव्हा हिने काही न बोलता आपल्यातला एक चिंचोका तिच्याकडे सरकवला.

सेविकेने नोंद पुरी केली आणि ती आत आली. त्या मुलीचे नाव अंगणवाडीच्या हजेरीत घालता येत नव्हते, कारण तिचे वय सहाच्या वर होते. ओढ्यापलीकडच्या शाळेच्या हजेरीत त्या दिवशी तिच्या नावापुढे गैरहजर असेच लिहिले गेले असणार. सेविकेने तिच्या मांडीवरचे बाळ उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि कपाटातून एक पाटी काढून तिच्या हातात दिली.